तुझ्यावाचून चालणारं काम

प्रिय चिमणे,

वाचनालय नव्या इमारतीत हलवायचं काम तुझ्यावर सोपवलंय, हे कळल्यापासून मावशी निम्म्या गल्लीला सांगत सुटली आहे. ती सध्या माझ्याकडेच राहायला आली आहे आणि मला साधी बादलीसुद्धा उचलू देत नाही. पण फोनवर तू म्हणालीस की पहिलंच काम आहे, उद्घाटन होईपर्यंत मी इथून हलणार नाही, ते काही माझ्या मनातून जात नाही.

नाटकांचे सेट उभारण्यात माझा जन्म गेला, म्हणून चार शब्द ऐक. काम झालं म्हणजे नक्की काय झालं, हे आधी सगळ्यांना विचार. आमच्या रंगाऱ्याने एकदा सिंहासन रंगवलं आणि झालं म्हणून सांगितलं. त्याच्या लेखी झालंच होतं, वाळणं हे हवेचं काम! पडदा उघडला, महाराज तावातावाने उठले आणि सिंहासनही त्यांच्याबरोबर उठलं. प्रेक्षक हसून लोळले, मी विंगेत कपाळाला हात लावून उभी. बिचाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. तुझ्या हमालांच्या लेखी खोकी उतरली की झालं. तुझ्या लेखी वाचकाच्या हाती पुस्तक पडलं की. हे आधीच बोलून घे.

मग कशामागून काय ते ठरव. कपाटं लागायच्या आत पुस्तकं पोचली तर पायाखाली येतील. वीजवाल्यापाशी सगळं अडतं, त्याच्याशी गोड बोल. तारखा ठरवताना थोडी सवड ठेव, कुणीतरी आजारी पडतंच. आणि प्रत्येक कामाला धनी एकच हवा. दोघांवर सोपवलेलं काम कुणीच करत नाही.

सगळ्यात अवघड आता सांगते. आपल्यावाचून अडेल असं काही स्वतःकडे ठेवू नये. तुझ्या हाताखालची ती चष्मेवाली हुशार आहे म्हणतेस ना? तिला किल्ल्या दे, सगळं दाखव, आणि एखादा दिवस मुद्दाम तिच्यावर टाकून बाहेर जा.

हे सारं तुझ्या भल्यासाठी लिहिलं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. माझ्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आहे, नेमकं तुझ्या उद्घाटनाच्या दिवशी. तारीख बदलून मागितली, डॉक्टर ऐकत नाहीत. सगळं नीट होईल असं जो तो सांगतो. पण चिमणे, मला भीती वाटते गं. मला आत नेतील तेव्हा तू समोर दिसायला हवीस.

वाट बघणारी,
तुझीच आई