परावर काळं नाही, त्याला तवा नाही

प्रिय बाबा,

मी इथे ठणठणीत आहे. ब्लॅकफूट नदीचं पाणी अजून गार आहे, जेवणही बरं मिळतं. आईच्या बटाट्यांची सर नाही, एवढंच. तुमच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला.

काल माझ्या होडीत मासे धरायला आलेले गिऱ्हाईक होते, शिकागोचे हॅस्केलसाहेब. हातभर मासा गळाला लागला तसे ओरडले, "ब्रूक ट्राउट! आज तव्यावर!"

"पाठीवरचा पर बघा," मी म्हटलं. "काळं काही दिसतंय? नाही ना? मग हा बुल ट्राउट. याला कायद्याने सोडायचंच."

लहानपणी तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलेलं 'परावर काळं नाही, त्याला तवा नाही' कामी आलं!

फोटोसाठी ते कोरड्याच हातांनी धरायला निघाले. मी खेकसले, "आधी हात भिजवा! अंगावरचा बुळबुळीत थर निघाला तर मरेल तो. आणि पाण्याबाहेर काढू नका."

मग मीच एक हात शेपटीपाशी, एक पोटाखाली घालून, तोंड येणाऱ्या पाण्याकडे करून त्याला धरून ठेवलं.

"अहो, सोडा की आता!" साहेबांना घाई.

"दमलाय तो. आत्ता सोडला तर उलटा होईल."

बऱ्याच वेळाने त्याने शेपटीचा फटकारा मारला, मला नखशिखांत भिजवलं आणि आपणहून निघून गेला.

आई लिहिते, पायऱ्या उतरताना तुम्ही तिचा हात झटकता. खरं का?

बाबा, एवढा दांडगा मासा, पण अंगात दम येईपर्यंत हातात मुकाट राहिला होता.

तुमची, ओल्या हातांची,
कोरीन