पंपाच्या बॉडीवरची खाच

४ फेब्रुवारी १९९८, सांगली

संपलं सगळं! आमच्या फाउंड्रीच्या अवधूतसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पंपाच्या बॉडीचा नवा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, बेंगलोरच्या मशीनवर करून घ्यायचा. कॉम्प्युटरवर मी काढायचा. "जमला तर आपलं पॅटर्नशॉप बंद. बंदचं नानांना एवढ्यात बोलू नका."

नाना म्हणजे माझे वडील! पॅटर्नशॉपमध्ये उरलेला एकटा सुतार. कराडला इंजिनिअरिंग शिकून आले ती ह्यासाठी?

६ फेब्रुवारी

ड्रॉइंग कुणाकडेच नाही. नानांनी सागवानात घडवलेला जुना पॅटर्न समोर ठेवून मापं घेतली. इतकी वर्षं त्याचाच साचा वाळूत उठवून वितळलेलं लोखंड, बीड, ओतलं. आता झिजलाय. नाना शेजारीच. "बीड थंड हुताना आटतं. तेवढं माप मी जादा धरलंय. बेंगलोरवाल्यांना सांग, न्हाईतर परत वाढवून ठेवतील." व्हय नाना, म्हटलं.

कडेची खाच हाताला लागली. माझ्या बारशाच्या दिवशी घाईत नानांची पटाशी निसटली होती. आई म्हणते, ती मयूरीची खाच. आमच्या प्रत्येक पंपावर उमटलेली! मी ती कॉम्प्युटरवरही काढली — मुद्दाम. साहेबांना काय कळतंय! नानांचं काहीतरी राहील.

११ फेब्रुवारी

जेवताना नाना, "ते मशीन कोरतं कसं?"

कोरतच नाही, म्हटलं. टाकीत पातळ राळ असते. लेसरचा उजेड जिथे फिरेल तिथे ती घट्ट होते. एक थर झाला की आतली फळी जराशी खाली बुडते, वर दुसरा थर. असं थरावर थर.

"आतनं पोकळ, वाकडंतिकडं, कसंबी?"

कसंही.

"आन् भुसा?"

भुसा नाहीच, नाना.

घास हातातच राहिला त्यांचा. मग म्हणाले, "कुंभारीण माशी घर बांधती तसं. लय भारी गं!"

मला रडू आलं. पाण्याचं निमित्त करून उठले.

१२ फेब्रुवारी

नाही सांगितलं. आजही नाही.

२ मार्च

पॅटर्न आला. पिवळसर, आरपार दिसणारा. साहेब खूश! नानांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. "पायऱ्या लागत्यात." थरांच्या. तशाच राहिल्या तर वाळूत अडकतील. "द्या हिकडं," म्हणाले आणि काचपेपर घेऊन बसले. कुणी सांगितलं होतं? आपल्याच पोटावर पाय आणणारी वस्तू इतक्या मायेनं घासायची! माझा जीव नुसता जळत होता. किती भोळा माणूस!

५ मार्च

पहिली बॉडी ओतली. मापं तंतोतंत. पास!

पण खाच नाही. धावत पॅटर्नशॉपमध्ये गेले. नाना पटाश्या तेलाच्या फडक्यात गुंडाळत होते.

"लांबीचा लगदा भरून खाच बुजवली. तुझी म्हणून इतकी वर्षं ऱ्हाऊ दिली हुती. शेवटचं काम तरी बिनचूक जाऊ दे, पोरी."

मी त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं.