आडव्या बोराचं पाणी

४ फेब्रुवारी १९९३
मालवण सोडून तिसऱ्या दिवशी चोपड्याला पोचले. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, त्यांच्या जागी मे अखेरपर्यंत मी. गावापासून चार किलोमीटरवर पितांबर नानांच्या मळ्यात खोली मिळाली. नानांनी दारावर स्वतः खडूने माझं नाव लिहून ठेवलं होतं : प्रा. सुनेत्रा पेडणेकर. तिन्ही बाजूंनी केळी, उत्तरेला सातपुडा. नानांच्या पत्नी सुगंधाअक्कांनी कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं, आणि समुद्र किती खोल असतो म्हणून विचारलं. एकावर एक तीन सातपुडे रचले तरी बुडतील, म्हटल्यावर पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. खोली हवेशीर आहे. मन रमेल असं वाटतं.

११ फेब्रुवारी
टेबल आलं, काम सुरू केलं. माझ्या सरांनी संशोधन जहाजावरून आणलेली बाटली खिडकीत ठेवली आहे. तिच्यात अरबी समुद्राच्या तळातले सहा जीव. दिसायला कोळंबीचे लांबचे भाऊ, पण अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं. पायांच्या सात जोड्या, पुढच्या दोन पकडीच्या. डोळे नाहीत. मिशांच्या दोन जोड्या वासावर चालतात. जबडा दाढांचा नाही, सुरीच्या पात्यासारखा सरळ. मेलेला मासा तळाला पोचला की मैलभरावरून येतात आणि पोट अंगाच्या तिप्पट फुगेपर्यंत खातात. मग महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात. मादी पिल्लं पोटाखालच्या पिशवीत वाढवते. एकच जात जगातल्या बहुतेक महासागरांच्या तळाशी सापडते. ती पसरते कशी, याचं उत्तर कोणाकडे नाही. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेच.

२ मार्च
विहिरीचं पाणी तळाला गेलंय. नानांनी विहिरीत उतरणारे दोघे भाऊ बोलावले, वना आणि हिलाल. सत्तर फुटांवर, विहिरीच्या भिंतीत डोंगराच्या बाजूने त्यांनी आडवं बोर मारलं. तीन दिवस कोरडी भुकटी निघाली, आज पाणी लागलं. नानांनी नारळ फोडला, सगळ्यांना गूळ वाटला. मीही चव घेतली. पाणी अगदी बर्फासारखं, आणि जिभेवर किंचित खारट.

९ मार्च
अक्कांच्या बादलीत एक पांढरा किडा आला. ओंजळीत घेऊन तशीच खोलीत धावले. जमिनीखालच्या पाण्यात आंधळे जीव असतात हे मला ठाऊक होतं, पण ते तांदळाच्या कणीएवढे. हा माझ्या अंगठ्याएवढा होता. सूक्ष्मदर्शकाखाली जबडा काढला, मिशांचे पेर मोजले. मग बाटलीतला काढला, त्याचेही मोजले. एकेक पेर जुळला.
समुद्र इथून तीनशे किलोमीटर आहे. सरांना अजून कळवलेलं नाही. आधी नमुने हवेत, पुष्कळ.

२० मार्च
गेल्या आठवड्यात जहाजावर करतात तेच केलं. जाळीच्या डब्यात मटणाचा तुकडा बांधून दोराने खाली सोडला. तासाभरात हाड वर आलं, धुतल्यासारखं स्वच्छ. डब्यात एकोणीस जीव. आता रोज सोडते. काल बावन्न होते. अक्कांना सांगितलंय की पाणी तपासते आहे.

६ एप्रिल
वना बोराच्या तोंडचा गाळ काढायला उतरला होता. तासभर गुडघाभर पाण्यात उभा. वर आला तेव्हा दोन्ही पोटऱ्यांवर टाचणीने टोचल्यासारखी शेकडो छिद्रं, प्रत्येकातून बारीक धार. तो स्वतःच चकित होऊन पायांकडे बघत होता.
"दुखत नही, ताई," तो म्हणाला. "पन रगत थांबत नही."
तालुक्याच्या डॉक्टरांनी जळगावला पाठवलं. तो वाचेल असं म्हणतात. मी नानांना सांगितलं की विहिरीत कोणाला उतरवू नका, पाण्यात जीव आहेत. पंचक्रोशीतल्या विहिरी आटल्यात, टँकर आता इथूनच भरतात. नानांनी भरायला लागलेल्या टँकरकडे बोट दाखवलं.
"पानी शे, ताई. बठ्ठा गावले हाईच शे."
सगळ्या गावाला हेच पाणी, खरं होतं. डब्याचं त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी डबा सोडला. मटणाचा वासच त्यांना बोरातून विहिरीत ओढून आणतो, हे मला कळत होतं.

१५ एप्रिल
प्रयोगशाळेतल्या प्रमिलाबाई माहेराहून लोणच्याच्या बरणीत एक पांढरा किडा घेऊन आल्या. माहेर भडगावजवळ. भावाच्या बोअरला आला म्हणे. माझ्याकडे असे असतात म्हणून आठवणीने आणला. भडगाव इथून तापीच्या पलीकडे, कितीतरी लांब. मोजला. तोच. पिशवीत पिल्लं होती.
नकाशावर दोन ठिपके दिले. मग मळ्यामळ्यांत फिरून विचारलं. आता अकरा आहेत. कोणीच कोणाला सांगितलेलं नाही, प्रत्येकाला वाटतं आपल्याच पाण्यात काहीतरी झालंय.

२२ एप्रिल
हिलाल गेला.
सकाळी पंप पाणी ओढेना. पंपाच्या तळच्या फुटवॉलमध्ये काय अडकलंय ते बघायला तो उतरला. मी कॉलेजात होते. नको म्हणायला मी तिथे नव्हते. पाय घसरला असावा, हाक कोणी ऐकली नाही. पाऊण तासाने वर काढला. मी पोचले तेव्हा चादर टाकलेली होती. अक्कांनी ती नीट करायला एक कोपरा उचलला आणि लगेच सोडून दिला.
चादर जिथे उंच असायला हवी होती तिथे सपाट होती.
त्याची दोन्ही लहान मुलं अंगणात.

२३ एप्रिल
नानांना सगळं सांगितलं. मटण, डबा, महिनाभर. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, अजून किती आहेत. मी नकाशावरचे अकरा ठिपके दाखवले.
टँकर बंद केले. बाया रिकाम्या हंड्यांनी परत गेल्या.
बोराचं तोंड बुजवायचं ठरलं. उतरायला कोणी तयार नाही. का उतरावं कोणी? मी उतरते म्हटलं. नाना नको म्हणाले नाहीत.

२४ एप्रिल, बारा वाजता
ऊन सरळ तळापर्यंत येतं ती हीच वेळ. मळ्याचे गडी दोर धरतील. कमरेला दोर, पिशवीत वही. नोंदी ठेवायची सवय सुटत नाही. प्लास्टिक, गोणपाट, चिकणमाती. ती आधी, मग सिमेंट.

१२.४०
गोणी बोरात ठासली. बाहेर ढकलली जाते. कपारीत बसून दोन्ही पायांनी दाबून धरली आहे, पाणी पोटरीपर्यंत. जीव येतात ते या बोरातूनच, तोंड दाबलेलं आहे तोवर भीती नाही. सिमेंटचं पोतं ओलं निघालं, नाना दुसरं आणायला गेलेत. दोर झाडाला बांधून त्यांच्या मागोमाग गडीही. वर कोणी दिसत नाही.
गोणीमागे आवाज आहे. केळीच्या पानावर पाऊस पडतो तसा.

१२.५५
आवाज थांबला. गोणी आता ढकलत नाही. पाय काढले नाहीत.
विहिरीत एकही दिसत नाही. पाणी अगदी नितळ —

१.०५
नितळ नाही. लाल —
गोणीतून नाहीत येत. माझ्या पाठीमागून, दगडांच्या फटींतून. बोर ही त्यांची एकच वाट नव्हती. सगळ्या भिंतीतून —

नानांना हाका मारल्या. ट्रॅक्टरचा आवाज येतो, लांब. येतील.
दुखत काहीच नाही. खरंच नाही. म्हणून वाटतं की वेळेत —
दोर धरून उभी राहते. डावा पाय आधी पाण्याबाहेर काढला. इतका हलका कसा —