भारूची खुर्ची

नांदेड, ६ जानेवारी २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर नांदेडचा शिक्का बघून दचकू नका. मी अमेरिकेतून नाही, आपल्या नांदेडच्याच घरातून लिहिते आहे. आम्ही गेलोच नाही. आम्हाला विमानातून उतरवलं.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तुम्ही डब्यात घालून ठेवलंय, म्हणून सगळं लिहूनच कळवते. हैदराबादच्या विमानतळावर सामान आत गेलं, तपासणी झाली, भारू खिडकीशी जाऊन बसली. मग पट्टा लावायची वेळ आली. तिला पोटाला आवळलेलं काही चालत नाही, परकराची नाडीसुद्धा नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. ती पट्ट्याखालून सुळकन घसरली आणि जी किंचाळायला लागली ती थांबेचना. मी ओढून वर बसवावं, तिनं पुन्हा घसरावं. चॉकलेट झालं, मोबाइल झाला, शेवटी मी तिला एक ठेवून दिली, आई, सगळ्या लोकांदेखत. चार वर्षांचं लेकरू! विमान हललं होतं, ते थांबवून मागे आणलं. पट्टा न लावता उडता येत नाही म्हणून आम्हा मायलेकींना खाली उतरवलं. मागच्या रांगेतली एक बाई हुश्श म्हणाली, ते मला ऐकू आलं.

व्हिसा फेब्रुवारीअखेर संपतो. पुन्हा रांगेत उभं राहायचं तर वर्ष जाईल की दोन, कोणी सांगत नाही. आलोक अमेरिकेला गेले तेव्हा भारू जेमतेम चालायला लागली होती. तिच्या लेखी पप्पा मोबाइलमध्ये राहतात आणि चार्जिंग संपलं की झोपतात.

आलोक म्हणतात, तिकडे लहान मूल मांडीवर घेऊन मोटारीत बसणं गुन्हा आहे. विमानतळावरून घरी न्यायलासुद्धा मुलाची वेगळी खुर्ची लागते, कार सीट. तीच विमानाच्या सीटवर बांधता येते. तिला खांद्यावरून पट्टे असतात, मूल खालून घसरत नाही. त्यांनी तीन खुर्च्यांचे फोटो पाठवले. एक म्हणजे नुसता पाट, मूल उंच बसवणारा, तो विमानात चालत नाही. दुसरी सिंहासनच आहे. मी शाळेत माझ्या वर्गातल्या बाकावर खडूनं विमानाच्या सीटची रुंदी आखून पाहिली, ती मावत नाही. तिसरी अरुंद आहे, तीच ठरवली. आलोकचे एक मित्र गावी येतायत, ते घेऊन येतील.

शाळेला माझ्या जागी अजून कोणी मिळालं नाही, तोवर मला रुजू व्हायला सांगितलंय. तेवढे दिवस भारूला तुमच्याकडे लातूरला ठेवू का? खुर्ची तिच्यासोबत पाठवते. रोज बसवून सवय लावा, एवढंच मागणं.

आज तुमच्या मायेची फार गरज आहे, ती कमी पडू देऊ नका.

तुमची,
पुनम

लातूर, १० जानेवारी

चि. सौ. पुनमला तारामतीचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता माझं दूध उतू गेलं. बाई, लेकरावर हात उचलू नको गं. लोकाचं काय, उतरले की इसरले.

आलोकला मी पोटाशी पदरानं बांधून यष्टीनं देवणीच्या बाजाराला नेत होते. टपावर बकऱ्या, आत माणसं, पण पठ्ठ्या हूं का चूं करत नव्हता. आता त्याच्या लेकीला खुर्ची लागती म्हणे, अन् त्या खुर्चीला बी मापं! पाठव भारूला, विचारतीस काय?

एक सांगू का, राग नको धरू. लेकराला इतका तरास हाय तर तिला ठिऊन जा माझ्यापाशी. तू अन् आलोक तिकडं संसार लावा, ती जरा मोठी झाली की मग न्या. हितं तिला काय कमी हाय? मला तरी कोण हाय घरात? शेजारची रत्नम्मा दिवसभर कानडीत बोलत ऱ्हाती, मला ऐकू येत न्हाई अन् आलं तरी कळत न्हाई, असं आमचं झकास चाललंय. तेवढं बघ इचार करून.

माझ्यावरची माया पातळ करू नको.

तुझी सासू,
तारामती

नांदेड, १५ जानेवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मनातलं कळलं. पण आई, ते होणार नाही. तिला टाकून मी एक पाऊल पुढे जाणार नाही, आणि आलोक तिकडे एकटे राहून राहून बोलायचे कमी झालेत. मला दोघंही हवेत.

खुर्ची आली. माझा भाऊ वैजनाथ भारूला आणि खुर्चीला घेऊन येतोय. खुर्चीच्या कडेला लाल इंग्रजी अक्षरं छापलेली आहेत. ही खुर्ची मोटारीत आणि विमानात चालते, असा तो दाखला आहे. विमानवाले आधी तीच अक्षरं बघतात आणि मगच खुर्ची आत नेऊ देतात. तेवढी जपा.

तिला रात्री थोपटायला लागतं. थोपटाल ना? तुमचाच भरवसा.

पुनम

लातूर, २४ जानेवारी

चि. सौ. पुनमला अ. उ. आ.

भारू मजेत हाय. खुर्चीत बसून दशमी खाती, खुर्चीत बसून रत्नम्माशी भांडती, काल तर खुर्चीतच झोपली. ते खांद्यावरचे पट्टे तिला चालतात. तुझं काम झालं म्हण.

खुर्ची आली त्या दिवशी अख्खी गल्ली बघाया आली. म्या म्हटलं, नवी गाडी घेतली तर आपण पूजा करतो, मग ही तर गाडीची अन् इमानाची, दोन्हीची गादी. पूजेबिगर लेकरू कसं बसवायचं? तेलात कुंकू कालवून खुर्चीवर स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. चाकं न्हाईत तर लिंबू कुठं ठिवायचं, यावरून माझं अन् रत्नम्माचं हातवारे करून भांडण झालं. तेल वघळून डाग पडले होते, पण थोडं रॉकेल होतं, त्याचा बोळा फिरवून लख्ख करून ठिवली. काळजी करू नको.

पोरगी सकाळी उठली की आधी माझ्या कानात फुंकर मारती. म्हणती, आता ऐकू येईल. सवय लागाया लागली मला, ही काय बरी गोष्ट न्हाई.

तुझ्या मनात मला जागा असू दे.

तारामती

नांदेड, २७ जानेवारी

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

काल झेंडावंदन उरकून लातूरला आले तेव्हा काही बोलले नाही. तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, गल्लीनं ऐकलं असतं, आणि भारू तुमच्या मांडीवर झोपली होती. पण खुर्ची पाहिली मी. लाल अक्षरं नाहीत. कोरं पांढरं प्लास्टिक आहे तिथे.

रात्रभर फोन करतेय. विमान कंपनी म्हणते, दाखला नाही तर खुर्ची सामानात टाका. खुर्चीवाले म्हणतात, तसं नवं लेबल चिकटवून मिळत नाही. इथल्या दुकानातल्या खुर्चीला तिकडची मान्यता नाही आणि तिकडून दुसरी यायला वेळ नाही. चार तारखेचं विमान आहे. पुन्हा तोच पट्टा, तेच किंचाळणं, पुन्हा उतरवणार. आता उतरवलं तर संपलंच सगळं. मी काय करू, सांगा? कोणापुढे पदर पसरू?

आणि विचारल्याशिवाय राहवत नाही. तुम्हीच लिहिलं होतं, तिला ठेवून जा म्हणून. आई, तुम्ही हे मुद्दाम केलंत का?

उद्धटपणा वाटला तर वाटू द्या. उत्तर तेवढं द्या.

पुनम

लातूर, ३० जानेवारी

चि. सौ. पुनमला अ. उ. आ.

कुंकू लावलं ते देवाच्या भावनेनं, भारूची आण. पण डाग पुसताना बोळ्याला कुंकवासंगं अक्षरं बी लागाया लागली. मला दिसलं. तू लिहिलेलं ध्यानात होतं. हात तिथंच थांबवाया पाहिजे होता, म्या थांबवला न्हाई. पुसत ऱ्हायले. मग तुला लख्ख केली म्हणून लिहिलं. तू मुद्दाम म्हण, काय बी म्हण. मला घरात लेकरू पाहिजे होतं.

तुझं पत्र आलं अन् जेवण ग्वाड लागंना. कपाटाच्या आरशात माझं मलाच बघवंना. मग उठले. साधी लाकडी खुर्ची घेतली, जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला अन् भारूच्या पोटावरून बांधला. पहिल्यांदा मला कडकडून चावली. मग म्या दुसरी खुर्ची तिच्या शेजारी मांडली, मला बी बांधून घेतलं अन् गाठ तिलाच मारायला लावली. दोघी बांधून बसलो. रत्नम्मा दारातून बघून म्हणाली असंल, म्हातारीला याड लागलं. आता भारू पोटाला बांधून बसती. लई येळ बसती, रडत न्हाई.

ये अन् घेऊन जा तिला. नेताना माझ्या तोंडाकडं बघू नको, म्हणजे झालं.

लोभ ठिव म्हणायला तोंड न्हाई मला. तरी बी ठिव.

तारामती

डॅलस, ११ फेब्रुवारी

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

पोहोचलो.

हैदराबादला काउंटरवरच्या मुलीनं खुर्ची उलटीपालटी करून अक्षरं शोधली. मी आलोकनी पाठवलेला खुर्चीचा फोटो दाखवला, हातापाया पडायची तेवढी बाकी ठेवली. खुर्ची सामानातच गेली. विमानात बसल्यावर मी पट्ट्याला हात लावायचं टाळत होते. तर भारूनं तो स्वतःच पोटावर ओढला आणि मला लावायला सांगितला. मग माझाही लावायला लावला. विमान उडालं, आई. मी तोंडात पदर कोंबून रडले.

पहिल्या विमानात ती झोपली, झोपेतच पट्टा सोडून उचलून नेली. दुसऱ्यातून उतरताना मात्र जागी होती. सगळे उठले, बॅगा काढल्या, निघून गेले. ही दोन्ही हात बकलवर दाबून बसलेली. मला म्हणाली, आधी आज्जी सोडती, मग भारू सोडती, असं ठरलंय, आणि आज्जी लातूरला अजून बांधूनच बसली आहे. मी म्हटलं, आज्जीनं सोडलं. तिनं विचारलं, आज्जीला तर ऐकू येत नाही, मग विमान उतरलं हे तिला कोणी सांगितलं? शेवटी मी जबरदस्तीनं पट्टा सोडला आणि उचलून बाहेर आणली. एवढ्या वर्षांनी आलोकनी लेकीला हातात घेतलं तेव्हा ती तुमच्या नावानं हंबरडा फोडत होती.

माझा राग गेलेला नाही, उगाच गोड लिहिणार नाही. त्या कोऱ्या प्लास्टिकवर मी फडकं टाकून ठेवलंय. पण तिला विमानात बसवलं ते तुम्हीच, आणि बघू नको म्हणून तुम्ही लिहिलं होतं तरी निघताना मी तुमच्या तोंडाकडे बघितलंच.

ती अजून रोज विचारते. जेवता जेवता थांबते आणि म्हणते, आज्जीला भूक लागली असेल, कोणीतरी तिची गाठ सोडा. मी सांगून ऐकत नाही. तुमच्या हातचे दोन शब्द पाहिजेत तिला, मी वाचून दाखवीन. तुम्ही गाठ सोडलीय, उठलाय, घरात हिंडताय, जेवताय, एवढं लिहा. खोटं लिहावं लागलं तरी लिहा.

आम्हा तिघांवर माया असू द्या.

तुमची,
पुनम