आठ पिंपांची बोट

४ जानेवारी, रविवार
गुरुजींच्या घराचं ग्रिल झालं. शेवटचे सहा जोड सुषमाने मी काही न सांगता मारले. मी खुर्चीत बसून नुसता बघत होतो. ग्राइंडर फिरवून झाल्यावर जोडावरून अंगठा फिरवला. कुठे अडकला नाही.
म्हटलं, चांगलं झालंय.
"नुसतं चांगलं?"
सहा वर्षांपूर्वी मी शेडवरून पडलो तेव्हा हिला रॉड कुठून धरायचा ते ठाऊक नव्हतं. मी चाकांच्या खुर्चीत, हात शाबूत, पण वाकता येत नाही, वर चढता येत नाही. मी सांगायचं, तिने करायचं, असं सुरू झालं. आता कशेळ्यापर्यंत लोक 'वेल्डिंगवाली वहिनी' म्हणतात. मी वेल्डिंगवालीचा नवरा. वाईट वाटत नाही. खरं लिहायचं तर पहिल्या वर्षी वाटायचं.

७ जाने., बुध.
महिन्याची तपासणी. कशेळ्याला जीपने. पुलावर आल्यावर ड्रायव्हरला म्हटलं, जरा हळू घे. खाली पेज नदी. बंधाऱ्यामागचा डोह भरलेला, हिरवा, एक बगळा.
घरी आल्यावर सु. म्हणाली, "दर येळी पुलावर गाडी हळू करायला का सांगता?"
उगीच, म्हटलं.
उगीच नाही. शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत मी त्या डोहात असायचो. पडल्यापासून नदी बघितली ती पुलावरूनच. काठापर्यंत खुर्ची जाते, पुढे उतार आणि दगड. मासेवाल्यांच्या होडीत कुणीही उचलून बसवेल. पण होडी डुगडुगते, खुर्ची राहत नाही तिच्यात, आणि असं उचलून ठेवलं जाणं मला नको.

८ जाने.
वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं. निळी प्लास्टिकची पिंपं आठ, आडवी, चार-चार दोन रांगांत. वर लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या. चारी बाजूंनी कमरेएवढा कठडा, एका कडेला खुर्चीपुरतं कडीचं दार. सपाट. खुर्ची थेट चढेल.
सु.ला दाखवलं. तिने बोटाने पिंपं मोजली.
"बुडायचं नाय ना हे?"
एक पिंप दोन माणसं आरामात तोलतं, म्हटलं.
"मला पोहता येत नाय."
तू काठावर थांब की.
"वेल्डिंग मी मारू आन् काठावर थांबू?"

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ. आईने पोळ्या केल्या, आता तिला फार वेळ उभं राहवत नाही तरी. साजगावचा माझा जुना जोडीदार सलीम टेंपोतून पिंपं घेऊन आला. कारखान्यात आम्ही अकरा वर्षं शेजारी शेजारी काम केलं. पिंपं साबणाची होती, अंगणभर फेस. आई ओरडली, "दिल्या, घराचा धोबीघाट केलास रं!"
सलीम चहा घेताना गुरुजींच्या ग्रिलकडे बघत होता, अजून न्यायचं राहिलंय. उठला, वाकून जोड बघितले. मला म्हणाला, "बसून कसं मारलंस एवढं सरळ?"
मी सु.कडे बोट केलं.
"भाभी, हे तुम्ही?" पुन्हा वाकून बघितलं. "आमच्याकडची नवी पोरं असं मारत नाहीत."
सु. कप घेऊन आत गेली. आत गेल्यावर हसली असणार. ती समोर हसत नाही.

२० जाने., मंगळ.
सांगाडा दोन भागांत करायचा ठरला. काठावर नेऊन बोल्ट मारायचे, नाहीतर अंगणाच्या फाटकातून निघायचा नाही. हे मला सुचलं नव्हतं. तिने टेप घेऊन फाटक मोजलं.

२६ जाने.
पहिला भाग पूर्ण. गावात बातमी गेली. सकाळी झेंडावंदनाहून येणारे चौघे-पाच जण कुंपणाशी उभे. एक म्हणाला, "वहिनी, पाण्यात टाकायच्या आधी आमाला सांगा, बघायला येतो." दुसरा, "काढायला येतो म्हण."
सु.ने डोळ्यांवरची काच खाली केली आणि काम चालू केलं. मी मात्र दिवसभर चिडलेला.

५ फेब्रु., गुरु.
दुसरा भागही झाला. रंग पिवळा. आई म्हणाली, "यस्टीसारखा दिसतोय," पण खूश.

८ फेब्रु., रवि.
चाचणी. वाळकूदादा आणि वाडीतले तिघे आले. वाळकूदादा वरच्या ठाकूरवाडीचा, सत्तरीचा, डोहात जाळी टाकतो. मी पोहायला शिकलो ते त्याचं बघून. बोट काठावर जोडली, पिंपं पट्ट्यांनी आवळली, पाण्यात ढकलली. तरंगली! मग मी, सु. आणि आई, तिघांच्या वजनाच्या हिशेबाने वाळूची पोती चढवली. डावीकडे कलली. चांगलीच.
माझी चूक. खुर्चीची जागा मी कडेला ठेवली होती, पाणी जवळून दिसावं म्हणून.
कुंपणावाले हजर होतेच. हशा.
सु. पोत्यांकडे बघत म्हणाली, "खुर्ची मधी ठेवा. तुळशीसारखी. बाकीच्यांनी कडेनं बसायचं."
पोती मध्ये सरकवली. बोट सरळ झाली. पाणी फळ्यांपासून वीतभर खाली. मग हसणारे पांगले. वाळकूदादा सु.ला म्हणाला, "तुजं डोकं चालतं गं पोरी. याचं नुसतं पान्याकडं."

१५ फेब्रु.
उतारावर फळ्यांचा रस्ता केला, खुर्चीसाठी. राफ्टिंगवाल्यांकडून तीन केशरी जाकिटं मागून आणली. सु. दोनदा म्हणाली, जाकीट फाटलेलं नाय ना. मी दोनदा उलटंसुलटं करून दाखवलं. पुढच्या रविवारी.

२२ फेब्रु., रविवार
सगळं लिहायचंय.
सकाळी नऊला निघालो. वाडीतल्या पोरांनी खुर्ची मागून धरली, फळ्यांवरून खाली, आणि मी माझ्या हातांनी चाकं फिरवत बोटीवर गेलो. मीच. कुणी उचललं नाही. चाकांना ब्रेक. आई एका कडेला चटईवर, सु. दुसऱ्या कडेला, एक हात कठड्याला घट्ट. वाळकूदादाने काठावरून ढकललं आणि तो त्याच्या जाळ्यांकडे गेला.
सु. बांबू टेकत होती, मी वल्हं मारत होतो. घाई कसलीच नव्हती. बोट इतकी सावकाश जाते की वाऱ्याने पाण्यावरचं पान पुढे जातं. पुलाखालून गेलो. सहा वर्षं वरून बघितलेला पूल, खालून बघितला. वर एक जीप थांबली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.
खंड्या पक्षी दोनदा दिसला. पळस फुललेत. पुढे पेठचा किल्ला, निळसर. आई म्हणाली, "लग्न होऊन आले तवा ह्याच काठानं चालत आले रं. पान्यातून गाव असं दिसतं ते आज कळलं." मग कठड्याखालून पाय पाण्यात सोडून बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत. ऐंशीला आलीय!
वरच्या टोकाला करंजाच्या सावलीत बोट बांधली. सु.ने पहाटे पोपटी लावली होती. मडकं फोडलं, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास. खाऊन मी डोळे मिटले. बोट जराशी हलत होती. सु.ने कठडा कधी सोडला ते मी बघितलं नाही, पण डोळे उघडले तेव्हा ती तिच्याच जोडांवरून अंगठा फिरवत बसली होती. एकेक करून सगळे. मला बघून म्हणाली, "एक पण हललेला नाय."
तीन वाजता परत फिरलो. मागच्या पावसात उंबर पडलाय, त्याचं खोड पाण्याखाली. मला दिसलं नाही. उजवीकडची पिंपं त्यावर चढली आणि बोट अडकली. सु.ने बांबूने रेटलं. हलेना. मी वल्ह्याने. हलेना. सु.ने आणखी जोर केला, पाय घसरला, गुडघ्यावर पडली. तोंड पांढरं. वाळकूदादा लांब, हाक पोचेना.
मला एकच दिसत होतं. बोटीवरचं सगळ्यात जड सामान मी.
ब्रेक लावलेलेच होते. खुर्चीतून फळ्यांवर उतरलो, कडेच्या दारापर्यंत सरकलो, कडी काढली. सु.ला कळलं तेव्हा उशीर झाला होता.
"अहो! अहो नको!"
पाण्यात.
थंड. एकदम. जाकिटाने वर आणलं. मागे बघितलं तर बोट वर उचलली गेली होती आणि खोडावरून सुटून हळूच बाजूला होत होती. आणि माझे पाय. पाय आपोआप वर आले. सहा वर्षं त्यांना हातांनी उचलून इथून तिथे ठेवतोय. आज ते माझ्यामागून येत होते. मी एक हात मारला, दुसरा मारला. येतंय. सगळं येतंय. विसरलो नव्हतो.
सु.ने बांबू पुढे केला. "धरा! धरा ना!" रडत होती. मी धरला नाही. बोटीला एक फेरी मारली. आता लिहिताना लाज वाटते, पण मारली.
आई म्हणाली, "येनार नाय तो. लहानपनी बी हाका मारून घसा बसायचा माजा."
मग कडेची पट्टी धरली. सु.ने बांबूने बोट काठाला नेली, मी तसाच मागे तरंगत. तिने एकटीने नेली, पोहता येत नसलेल्या बाईने. वाळकूदादाने बघितलं आणि पाण्यात धावत आला. त्याने, सु.ने आणि वाडीतल्या दोन पोरांनी मिळून मला काढलं.
सु.ने घरी आणलं. कपडे बदलताना तिला दिसलं. उजव्या नडगीवर चार बोटं लांब जखम, खोडाने कापलेली. रक्त वाहून चादर भिजली होती. मला काहीच...

२३ फेब्रु.
कशेळ्याला. सात टाके, इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, पायाला कळत नाही म्हणून तुम्हाला कळलं पाहिजे. जखम पूर्ण भरेपर्यंत पाण्याचं नाव नाही. तुमच्यासारख्यांची चिघळली तर अवघड होतं.
सु. परत येताना: "तुमाला कळलं पण नाय. मी नसते बघितलं तर?"
पुलावर जीप हळू झाली. मी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरने स्वतःहून केली.

२४ फेब्रु.
सु. बोलत नाही. जेवायला वाढते, पट्टी बदलते, बोलत नाही.

२५ फेब्रु., बुध.
शेलूच्या बाजूला ज्यांचा बंगला आहे ते एक साहेब बोट बघायला आले. बोट काठाला लागताना कुणीतरी व्हिडिओ काढून पाठवला होता म्हणे. अशीच एक हवी. मला विचारलं, "कुणी बनवली? त्यांचा नंबर द्या."
म्हटलं, ही बनवली हिने. हिलाच विचारा.
ते सु.कडे बघून परत माझ्याकडे बघायला लागले. मी वर्तमानपत्र उघडलं. शेवटी तिच्याशीच बोलावं लागलं. सु.ने पाण्याची खोली विचारली, माणसं किती ते विचारलं, म्हातारं कुणी आहे का विचारलं. मग म्हणाली, विचार करून सांगते.
ते गेल्यावर, दोन दिवसांच्या अबोल्यानंतर, पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "वर्तमानपत्र उलटं होतं."

२७ फेब्रु., शुक्र.
दुपारी पट्टी बदलताना मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी बोट सुटून लांब गेली असती आन् तुमी दमला असता, तर मी काय केलं असतं? बांबू धरून बघत बसले असते."
मी म्हटलं, पुन्हा नाही उतरणार. तुला विचारल्याशिवाय नाही.
"तुमी उतरणार. मला म्हाईत हाय. तोंड बघितलंय मी तुमचं पाण्यातलं." गाठ मारली. "मला शिकवा."

१ मार्च, रवि.
पहिला धडा. काठाजवळ कंबरभर पाणी, तळाला वाळू, बोट चारी बाजूंनी दोरांनी बांधलेली. मी वर फळ्यांवर, पाय गुंडाळून प्लास्टिकमध्ये. सु. खाली, अंगावर जुना पंजाबी ड्रेस आणि जाकीट, दोन्ही हातांनी पिंपाची पट्टी धरलेली. आई काठावर छत्री घेऊन. वाळकूदादा जवळच जाळं विणायच्या निमित्ताने.
तोंड पाण्यात घालायला तासभर लागला. घातलं. वर आल्यावर आधी मला शिवी दिली, मग पुन्हा घातलं. अकरा वेळा. मी मोजत होतो.
हिला वेल्डिंग शिकवताना मी ओरडायचो. ते आठवलं. आज एकदाही ओरडलो नाही.

५ मार्च
डॉक्टर: टाके काढले. खालचं टोक अजून ओलं. अजून पंधरा दिवस बघू म्हणतात. "बघू" म्हणाले, "जा" म्हणाले नाहीत.
सलीमचा फोन. व्हिडिओ त्याच्याकडेही पोचला. कारखान्यात सगळ्यांना दाखवला म्हणे, पोहणारा मी नाही, जोड. थांबवून थांबवून.

८ मार्च, रवि.
आज तिने पाय उचलून बघायचं ठरवलं होतं. मी फळ्यांवर पालथा झोपलो, हनुवटी कडेला, तिचं तोंड माझ्या तोंडासमोर.
हात सरळ कर. मान सैल सोड. पाणी उचलतं, तू फक्त त्याला उचलू दे.
"तुमाला बोलायला काय."
एक पाय वर आला. वेडावाकडा, पण आला. मागे पाण्यात सलवार फुगली, आई काठावरून "आली, आली" म्हणाली.
दुसऱ्या पायाचा अंगठा वाळूत रुतवून ठेवलेला. स्वच्छ पाणी, मला वरून दिसत होता.
तो पण, म्हटलं.
तिने पट्टी आणखी घट्ट धरली. माझ्याकडे बघितलं, मग खाली, अंगठ्याकडे.
"थांबा," म्हणाली. "घाई करू नका."