भाड्याची तारका

बोडीकाठच्या घरातून,
मंगळवार

आदरणीय सुमनआत्या,

तुला मनापासून जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? अतुलदादाने आणलेलं तेल लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? कोंबड्या अजून फुफाजींच्या गाडीतच अंडी घालतात ना? (हा प्रश्न उगाच नाही, पण त्याकडे मागाहून येते.) इकडे आई बरी आहे. बाबांची तब्येतही उत्तम आहे, फक्त रविवारपासून ते मला "मॅडम" म्हणतात. फोनच केला असता, पण तुझा फोन अतुलदादा उचलतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या तिरोड्याला बातमी लागते. म्हणून भाजी घेऊन तुमच्याकडे येणाऱ्या चुन्नीलालकाकांच्या हाती हे पत्र देते आहे. तुझ्या चष्म्यासाठी अक्षर मोठं काढलं आहे. मजकूर मात्र लहान माणसाचा आहे, हे वाचताना कळेलच.

आपल्या तारका मोटारीचं तुला नव्याने काय सांगायचं? कंपनी बुडाली म्हणून स्वस्तात मिळतात, असं ऐकून बाबा आणि फुफाजी एकाच दिवशी दोन तारका घेऊन आले. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. तुमची फुफाजी गेले त्या दिवसापासून अंगणात उभी आहे, आमची चालते. (चालते म्हणजे काय, हा वादाचा विषय आहे.) सुरू व्हायला तिला उतार लागतो, आणि आपल्या गावात उतार एकच, बोडीचं पाणी अडवणारी मातीची पाळ. म्हणून लोकांच्या गाड्या दारात राहतात आणि आमची पाळीवर, नाक खाली करून, चाकाखाली दगड घेऊन. पेट्रोलचा काटा कायम भरलेली टाकी दाखवतो, म्हणून बाबा टाकीत बांबूची कामटी घालून बघतात. डावीकडे वळलं की भोंगा आपोआप वाजतो. मागचं डावं दार आतून उघडत नाही, त्यामुळे तिथे बसलेल्या माणसाला कुणीतरी बाहेर काढेपर्यंत आयुष्याचा विचार करायला निवांत वेळ मिळतो.

अशा गाडीला माणसं जीव का लावतात, हा प्रश्न मी कॉलेजात असताना बाबांना अगदी शास्त्रीय पद्धतीने विचारला होता. ही अंधश्रद्धाच आहे, असंही मी म्हणाले होते. बाबा म्हणाले, "अंधश्रद्धा काऊन? डोळ्यानं पाहून राहिलो ना मी, की ते चालत नाई!" पण एक बघितलं आहे. शेजारच्या हिमांशूची नवी गाडी बटण दाबलं की निघते आणि तो कुणाशी न बोलता निघून जातो. आमची निघायची म्हटली की अर्धा मोहल्ला जमतो. कोण कुठे हात लावणार हे ठरलेलं आहे. माझी जागा उजव्या मागच्या दिव्यापाशी. शाळेत असल्यापासून ती जागा माझी आहे, दुसऱ्या कुणी हात लावला की मला राग यायचा. आणि जिल्ह्यातल्या उरल्यासुरल्या तारकावाल्यांचा तो रिवाज तर तुला माहीतच आहे. एखादी तारका कायमची बसली की सगळे मालक तिच्याभोवती जमतात, चहा-चिवडा होतो, कुणीतरी तिच्या गुणांविषयी चार शब्द बोलतो आणि मग बॉनेट उघडून ज्याला जे लागेल ते वाटून घेतात. बाबा त्याला, माणूस गेल्यावर करतात तसं, पुण्यानुमोदन म्हणतात, गोंदियाचे मुन्नालालकाका तेरहवी म्हणतात. मी त्याला रानटी प्रकार म्हणत असे. म्हणत असे, हे लक्षात ठेव.

तर रविवारी विहारातल्या आपल्या वाचनालयाचं उद्घाटन होतं. पाहुण्या म्हणून मी माझ्या कॉलेजच्या दुर्गेश्वरी मॅडमना बोलावलं होतं. या मॅडमनी मला वाचायला शिकवलं, म्हणजे अक्षरं नव्हे, त्यापुढचं. घरातली पहिली पदवीधर मी झाले त्याचं अर्धं श्रेय त्यांचं आहे. (उरलेलं अर्धं कुणाचं, ते त्या दिवशी मी विसरले.) त्यांना गोंदिया स्टेशनवरून आणायला हिमांशूची गाडी ठरली होती, पण तो सकाळीच सासुरवाडीला निघून गेला. मी स्टेशनबाहेर ऑटो शोधत होते, तेवढ्यात डावीकडच्या वळणावर तो ओळखीचा भोंगा ऐकू आला. बाबा आले होते. गाडी धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि बाबांच्या अंगात इस्त्री केलेला पांढरा शर्ट.

मॅडम गाडीकडे बघतच राहिल्या. त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवलं. मला वाटलं, धूळ बघताहेत. मग विचारलं, "कुणाची गं ही गाडी?"

आत्या, तेव्हा जीभ झडून पडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "भाड्याची आहे, मॅडम."

बाबा हातभर अंतरावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागचं दार उघडून म्हणाले, "बसा मॅडम." आणि मग मला, तितक्याच अदबीने, "तुमीबी बसा मॅडम."

पुढचा प्रवास मी कसा केला ते माझं मला माहीत. डावं वळण आलं, भोंगा वाजला, मॅडम हसल्या. दुसरं वळण आलं, पुन्हा वाजला, त्या आणखी हसल्या. मी मरत होते. आणि मग, जिथे अजिबात उतार नाही अशा बाजारातल्या रस्त्यावर, गाडी बंद पडली. सवयीने माझा हात दाराकडे गेला, तर बाबा आरशातून म्हणाले, "बसा बसा. पाशिंजरनं धक्का नाई माराचा राहत." आणि उतरून एकटेच ढकलू लागले. मॅडम आणि मी मागे पालखीत बसल्यासारख्या. सरकत सरकत गाडी आली ती नेमकी मुन्नालालकाकांच्या दुकानासमोर. ते गल्ल्यावरूनच ओरडले, "अरे रचना बिटिया! अपनी ही गाडी में मेहमान बनके बैठी है? बाप अकेला धक्का मार रहा है, शरम नहीं आती?"

येत होती. पण जाणार कुठे? उजव्या दाराला रसवंतीचा गाडा टेकलेला आणि डावं दार आतून उघडत नाही.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी डाव्या दाराच्या काचेवर दोन्ही तळवे दाबून ती खाली सरकवली, हात बाहेर काढून बाहेरचं हँडल वर उचललं आणि गुडघ्याने दाराला खालच्या बाजूला एक ठोका दिला. दार उघडलं. आत्या, ही युक्ती तारकेच्या घरात वाढलेल्या माणसाशिवाय कुणाला येत नाही! पदर खोचून त्या मागे गेल्या आणि थेट उजव्या दिव्यापाशी, माझ्या जागेवर, उभ्या राहिल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "आमची निळी होती."

मी उतरून डाव्या दिव्याला हात लावला. तिथे मी कधीच ढकललेलं नव्हतं.

कार्यक्रम वेळेवर झाला. प्रास्ताविक माझं होतं. विषय मीच महिनाभर आधी पत्रिकेत छापून घेतला होता, श्रमप्रतिष्ठा. मी बोलले. बाबा पहिल्या ओळीत होते आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यांनीच टाळ्या वाजवल्या. परत जाताना मॅडमनी गंभीर चेहऱ्याने त्यांच्यापुढे भाडं धरलं. बाबांनी तितक्याच गंभीर चेहऱ्याने दोन्ही हातांनी ते घेतलं आणि वाचनालयाच्या दानपेटीत टाकलं. मॅडम हसून ऑटोत बसल्या. आम्ही दोघं उरलो. घराच्या रस्त्यावर गाडी पुन्हा बंद पडली, ती आता धक्क्यानेही उठत नाही. बैल लावून पाळीवर आणली.

तेव्हापासून घरात, "मॅडम, जेवता का?" "मॅडम, मोटर बंद करा." मी माफी मागायला गेले की ते म्हणतात, "गिऱ्हाईकानं माफी नाई मागाची." आणि काल त्यांनी कोहमाऱ्याच्या तारकावाल्या चैतरामकाकांना कळवलं, येत्या रविवारी या, तारकेचं पुण्यानुमोदन आहे. दिवे चैतरामकाका नेणार, सीट मुन्नालालकाका. आई म्हणते, नेऊ दे, जागा होईल. पण बाबा सकाळी पाळीवर जातात आणि न चालणाऱ्या गाडीच्या चाकाखालचा दगड नीट करून येतात, ते मी बघते. मी स्वतः जाऊन चैतरामकाकांना येऊ नका म्हणाले असते, पण कोणत्या तोंडाने? गाडी माझी नाही, असं मीच जाहीर केलं आहे.

बाबा जगात फक्त तुझं ऐकतात. शनिवारीच ये. मला तुझ्या पद्धतीने जे बोलायचं ते सगळ्यांदेखत बोल, मी ऐकून घेईन. पण त्यांना थांबव.

तुझी भाची (अजून म्हणून घेत असशील तर),
रचना

ता. क. नुसतं थांबवून भागणार नाही. गाडीचा डेल्को गेला आहे. (इंजिनाला ठिणगी वाटून देणारं ते काळं डबडं.) चांगला डेल्को आता एकाच तारकेत उरला आहे, तुझ्या अंगणातल्या. बाबा कधी मागणार नाहीत. फुफाजींच्या गाडीला माझ्या जिवंतपणी कुणी हात लावायचा नाही, असं तू म्हणाली होतीस, ते आम्हाला सगळ्यांना आठवतं. खरं तर हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं आणि धीर व्हायला इतकी पानं गेली. कोंबड्यांना धक्का लागणार नाही, डेल्को पुढच्या बाजूला असतो.

ता. क. दुसरा. पत्र पाटावर ठेवून मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात बाबांनी ते वाचलं. खालचं अक्षर त्यांचं आहे.

बाई, जयभीम. पोरीनं बराबर लिवलं हाये, फक्त शर्ट इस्त्रीचा नव्हता, उशाखाली ठेवला होता. डेल्को देशील त दे, भाऊजीची गाडी होय, मी जबरदस्ती करत नाई. चैतरामले मी सांगतो, चहा होईल, दिवे नाई भेटाचे. तुया गाडीचं डाव्या दाराचं आतलं हँडल चांगलं असन, तेबी पोरगी मागन. ते देजो नको. असे पाशिंजर आत बसलेलेच बरे.
तुया भाऊ, भाड्याचा डायवर,
देवीदास