दारापासून पलंगापर्यंत

३ मार्च
इंटरनेटची वायर दारापाशीच संपते! तिथंच चपलांच्या कपाटावर लॅपटॉप ठेवून मी नातीशी बोलते, उभ्यानं. दिसते, हसते — केस कापलेत बयेनं! पण हे आत पलंगावर. झटका आल्यापासून उठवत नाही, तोंड एका बाजूला गेलंय. तिचा आवाज आला की मान दाराकडे वळते. तिला मी सांगते, "बरे आहेत." एवढंच. एकदा लांब वायर आणून बघितली — मीच अडखळून आडवी!

५ मार्च
नात म्हणाली, "आजी, वायरलेस कार्ड घे. नखाएवढं असतं, बाजूला खुपसायचं." लॅपटॉपच्या आत एक आहे. पण तिनं जाताना ती सगळ्यांनी मिळून लिहिलेली, कुणाच्याच मालकीची नसलेली सिस्टीम घातली ना, तिचं नि त्या आतल्या कार्डाचं पटत नाही. कार्ड बनवणाऱ्यांनी त्याची आतली गोष्ट कुणाला सांगितलीच नाही म्हणे. म्हटलं, अगं, चाळीस वर्षं झाली, तुझे आजोबा तरी कुठं सांगतात!

६ मार्च
आणलं. खोक्यावर नाव तिनं सांगितलेलंच. खुपसलं. ढिम्म!

७ मार्च
नातीनं अक्षरं सांगितली, मी दाबली. इंग्रजी मला चित्रासारखंच — काठी, साप, पेला, साप, पोट सुटलेला माणूस. पडद्यावर ओळीच ओळी! तिनं एकेक अक्षर करून वाचायला लावल्या. "आजी, नाव तेच, पण आत चिप दुसरी घातलीय. खोक्यावर जाऊ नकोस, चिपचा नंबर बघ." तिनं चालणारा नंबर सांगितला, तो इथंच मागच्या पानावर उतरवलाय.

९ मार्च
लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात. दुकानदार म्हणतो, "मावशी, सगळी सारखीच असतात हो." म्हटलं, "सारखी असती तर मी परत आले असते का?" मांडला लॅपटॉप त्याच्या काउंटरवर! एकेक कार्ड खुपसायचं, काठी-साप दाबायचं, नंबर बघायचा. गिऱ्हाइकं गोळा झाली. चौथ्याला जुळला! दुकानदार कागद-पेन घेऊन — "मावशी, ती अक्षरं परत सांगता का?"

१० मार्च
लागलं! वायर नाही काही नाही! नातीला हातात धरून घरभर मिरवलं, न्हाणीसुद्धा दाखवली, वेडीच मी. मग पलंगाशी नेलं. ती "आजोबा! आजोबा!" करतेय — आणि यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चादर वर ओढली. "नको... हे तोंड... तिला नको." मी लॅपटॉप मिटून टाकला. एवढं वर्षभर मान दाराकडे वळत होती, ती काय उगाच?

११ मार्च
दूध उतू गेलं. नातीला काय सांगू? लॅपटॉप उघडलाच नाही.

१२ मार्च
उठल्या उठल्या म्हणाले, "दाढी कर माझी. मग लाव तिला."